कागदाचा ठावठिकाणा

पुस्तकाच्या शेवटी बारीक टाइपात जी संदर्भांची यादी छापलेली असते, ती वाचावी म्हणून कोणी पुस्तक विकत घेत नाही. प्रस्तावना वाचणारे थोडे, परिशिष्टे वाचणारे त्याहून थोडे. आणि संदर्भसूची उघडून पाहणारा माणूस बहुधा परीक्षक तरी असतो किंवा प्रतिपक्षाचा वकील तरी. अशा विषयावर, दिवसभर नागपूरच्या उन्हाने भाजून निघालेल्या प्रतापनगरच्या श्रोत्यांपुढे बोलायचे म्हणजे त्यांच्या सौजन्याची परीक्षाच पाहणे होय, हे आम्ही जाणतो. तरीही विषय आम्ही आपणहून निवडला. कारण असे की, याच बारीक टाइपाच्या यादीवरून आपल्या देशात एक मोठा वाद माजला. तो पन्नास वर्षे पुरला. त्यात गांधीजी होते. आणि त्या वादाचा एक पाय लंडनमध्ये, तर दुसरा आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात होता.

निमित्त मात्र आजचे आहे. कामगारांची मुले आता बी.एड., एम.एड. करतात, प्रबंध लिहितात, आणि अडले की युनियनच्या कचेरीत येऊन बसतात. त्यांच्या संदर्भसूचीत हल्ली एक नवी खूण दिसते : 'ईडी' ही दोन अक्षरे आणि पुढे सहा आकडे. ज्या ईडीच्या नावाने हल्ली भल्याभल्यांची झोप उडते ती ही नव्हे. या ईडीने आजवर कोणाच्या घरी छापा घातलेला नाही. अमेरिकेत शैक्षणिक संशोधनाचे 'एरिक' नावाचे एक भांडार आहे, त्याने कागदाला दिलेला तो क्रमांक होय. हा क्रमांक सूचीत कोठे लिहावा, लिहिलाच पाहिजे काय, असे ही मुले विचारतात. नियम दोन वाक्यांत सांगून होतो. पण असल्या नियमाची गरज माणसाला का पडते, हे सांगायचे तर १९३१ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले होते. २० ऑक्टोबर रोजी चॅथम हाऊस येथे त्यांचे भाषण झाले. भाषणाच्या ओघात ते असे म्हणाले की, पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थान जितका निरक्षर होता, त्यापेक्षा आज तो अधिक निरक्षर आहे. इंग्रज अंमलदारांनी जुन्या गावशाळांची मुळे उकरून पाहिली, ती तशीच उघडी टाकली आणि ते सुंदर झाड वाळून गेले. विधान साधे नव्हते. दीडशे वर्षांच्या राज्यकारभारावर ठेवलेले ते आरोपपत्रच होते, आणि तेही आरोपीच्या घरात बसून वाचलेले.

सभेत सर फिलिप हार्टोग नावाचे गृहस्थ होते. हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. सायमन कमिशनला साहाय्य म्हणून शिक्षणाची पाहणी करणारी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षही हेच. त्यांनी तेथेच प्रश्न केला आणि दुसऱ्या दिवशी गांधीजींना पत्र लिहून विचारले : आपल्या विधानाला आधार कोणता? ग्रंथ कोणता, अहवाल कोणता, ते नेमके कळवावे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. मालकाच्या बाजूच्या माणसाने आमच्या पुढाऱ्याला पुरावा मागितला की, आमचे मन आधी पुढाऱ्याकडे झुकते; पुरावा मागणे हीच पुष्कळदा टाळाटाळ करण्याची रीत असते, हे आम्ही मिलच्या फाटकावर शिकलो आहो. तरीदेखील हार्टोग यांचा प्रश्न वाजवी होता, असेच आम्ही म्हणू. त्यांनी गांधीजींना खोटे ठरविले नाही. कागद कोठे पाहावयास मिळेल, एवढेच विचारले.

गांधीजींनी उत्तर दिले, आणि तत्परतेने दिले. 'यंग इंडिया'त डिसेंबर १९२० मध्ये दौलतराम गुप्ता यांचे लेख आले होते. त्यांकडे त्यांनी बोट दाखविले. हार्टोग यांनी ते लेख मिळवून वाचले. साक्षरता घटली हे दाखविणारे आकडे त्यांना त्यांत सापडले नाहीत. एका लेखाचा भर पंजाबवर होता, आणि पंजाबची हकीकत लाइटनर यांच्या १८८२ सालच्या ग्रंथावर उभी होती. म्हणजे भाषणाचा आधार लेख, लेखाचा आधार ग्रंथ, आणि ग्रंथाचा आधार आणखी कोठेतरी. प्रत्येक पायरीवर कागद एक हात दूर जात होता. पुढे जानेवारी १९३२ मध्ये गांधीजींना अटक झाली. येरवड्याच्या तुरुंगात ग्रंथालय कोठून आणणार? त्यांनी अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांना या कामी लक्ष घालण्यास सांगितले आणि हार्टोग यांना तसे कळविले. शाह यांनी फेब्रुवारी १९३२ मध्ये हार्टोग यांना लांबलचक पत्र लिहिले. त्यात मद्रास, मुंबई, बंगाल येथील जुन्या अहवालांचे दाखले होते. हार्टोग यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्यांनी लंडन विद्यापीठात यावर व्याख्याने दिली आणि १९३९ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली.

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, गांधीजींनी त्यांना पत्र लिहिले ते सेगावहून, म्हणजे पुढे ज्याला सेवाग्राम म्हणू लागले त्या गावाहून. ते पत्र आम्हांला फार मोलाचे वाटते. गांधीजी लिहितात की, शोध सोडलेला नाही. शिक्षणातल्या जाणकारांशी पत्रव्यवहार चालू आहे. जे उत्तर देतात ते माझ्या मताला दुजोरा देतात, परंतु पुरावा म्हणून मान्य होईल असा आधार मात्र पुढे करीत नाहीत. आणि तरीही माझे मन त्या विधानाला चिकटून आहे. आठ वर्षे उलटल्यावर, ज्याने आपल्याला अडचणीत आणले त्याच माणसाला, इतके सरळ लिहिणारा पुढारी आम्ही दुसरा पाहिला नाही. दुजोरा वेगळा आणि आधार वेगळा, हा भेद त्या पत्रात जितका स्वच्छ आहे तितका तो संशोधनपद्धतीच्या जाड पुस्तकांतही सापडत नाही.

आता ते कागद खरोखर होते तरी कोणते? ते होते, आणि पुष्कळ होते. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२२ साली कलेक्टरांकडून गावोगावच्या शाळांची माहिती मागविली. १८२६ च्या टिपणात त्यांनी बेरीज दिली ती अशी : लोकसंख्या १,२८,५०,९४१, शाळा १२,४९८, विद्यार्थी १,८८,६५०. म्हणजे हजार माणसांमागे एक शाळा. घरी शिकणारी मुले यात आली नाहीत, असे मन्रो यांनीच नोंदवून ठेवले आहे. मुंबई इलाख्यात गव्हर्नरच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली लिहिले की, लहान असो वा मोठे, ज्यात एकही शाळा नाही असे गाव क्वचितच असेल. पण त्याच इलाख्याची मोजणी १८२९ साली पुढे आली तेव्हा शाळा निघाल्या १,७०५. एक कागद म्हणतो गावोगाव शाळा. दुसरा म्हणतो सतराशे. ज्याला जो कागद सोयीचा, तो त्याने उचलावा!

बंगालची गोष्ट याहून मौजेची. बंगाल आणि बिहारात एक लाख गावशाळा होत्या, असे वाक्य अनेक देशी ग्रंथांत आढळते. हा आकडा विल्यम ॲडम यांच्या १८३५ च्या पहिल्या अहवालात आहे. पण ॲडम यांनी लाख शाळा मोजल्या नव्हत्या. सार्वजनिक शिक्षणाच्या सरकारी समितीतील एका सभासदाने पूर्वी असे लिहिले होते की, दर गावशाळेला महिना एक रुपया द्यायचा म्हटले तर वर्षाला बारा लाखांच्या जवळपास खर्च येईल. बारा लाखांना बारा महिन्यांनी भागले, निघाल्या एक लाख शाळा! खर्चाचा एक तोंडी अंदाज, त्याचा भागाकार, आणि तो भागाकार पुढे शंभर वर्षे मोजणी म्हणून चालला. मूळ पान उघडणाऱ्याला हे अर्ध्या तासात कळले असते. हार्टोग यांनी ते पान उघडले, आणि या आकड्याला दंतकथा ठरविले. ॲडम यांची 'शाळा' या शब्दाची व्याख्या फार सैल होती, घरातल्या शिकवणीलाही ते शाळा म्हणत, हेही खरे. म्हणून केवळ थट्टेवारी नेऊन हा आकडा निकालात काढता येत नाही. पण हा सगळा विचार करण्यासाठी आधी पान उघडावे लागते.

या वादात महाराष्ट्राच्या बाजूने ज्यांनी खरे कष्ट उपसले त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. रा. वि. परुळेकर हे ते गृहस्थ. १९३९ साली त्यांनी हिंदुस्थानातील साक्षरतेवर ग्रंथ लिहून हार्टोग यांच्या निष्कर्षांना उत्तर दिले. पण उत्तरावर ते थांबले नाहीत. मुंबई सरकारच्या दप्तरात शिरून त्यांनी १८२० ते १८३० या काळातले देशी शाळांविषयीचे मूळ कागद बाहेर काढले, आणि १९५१ च्या त्यांच्या ग्रंथात ते छापले गेले. जे. पी. नाईक यांनी १९४८ साली मुंबईत स्थापन केलेल्या भारतीय शिक्षणसंस्थेशी परुळेकरांचे हे काम निगडित होते. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, आणि आयोगाचा अहवाल सर्वांस ठाऊक झाला. आयोगाच्या अहवालावर परिसंवाद होतात. दप्तरात धूळ खात बसलेल्या माणसावर होत नाहीत. असो.

मद्रासचे कागद बाहेर यायला १९८३ साल उजाडले. धर्मपाल यांनी रेव्हेन्यू बोर्डाच्या दप्तरातून कलेक्टरांची उत्तरे एकेक करून उतरवून घेतली. गांधीजींच्या त्या झाडावरूनच त्यांनी आपल्या ग्रंथाचे नाव ठेवले, आणि गांधीजी व हार्टोग यांची पत्रेही त्यात छापली. धर्मपाल यांनी अखेरची वर्षे सेवाग्राम आश्रमात काढली. २००६ साली तेथेच ते वारले. ज्या गावाहून गांधीजींनी १९३९ मध्ये 'आधार मिळत नाही' असे लिहिले, त्याच गावी त्या आधाराचा धांडोळा घेणारा माणूस येऊन राहिला.

धर्मपाल यांचे सर्वच निष्कर्ष आम्हांस पटतात असे नाही. त्यांच्या ग्रंथाचा आधार घेऊन, जुन्या काळी सर्वांना विद्या खुली होती, असे आज व्यासपीठावरून बेधडक सांगितले जाते. तक्ते तसे सांगत नाहीत. तमिळ मुलखात शूद्र म्हणून गणलेल्या जातींची मुले शाळेत बहुसंख्य होती, ही गोष्ट त्या तक्त्यांवरून खरी दिसते, आणि ती महत्त्वाचीही आहे. पण मुलींचे रकाने पाहा. बहुतेक जिल्ह्यांत ते जवळजवळ रिकामे आहेत. 'इतर जाती' असा एक रकाना आहे. त्यात कोण बसले आणि कोण दाराबाहेर राहिले, हे तो रकाना सांगत नाही. तरीदेखील धर्मपाल यांचे आमच्यावर ऋण आहे, ते यासाठी की त्यांनी तक्ते जसेच्या तसे छापले. म्हणूनच तर त्यांच्याशी वाद घालता येतो.

येथे जोतीराव फुले यांची साक्ष काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी त्याला निवेदन दिले. शेतकऱ्याच्या पैशातून जमा झालेला सारा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, महार-मांगांची मुले शाळेबाहेर राहतात, म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. हे निवेदन आज आपल्या हाती आहे याचे श्रेय कोणाला? जोतीरावांच्या अनुयायांना आहेच. पण एका रूक्ष सरकारी शिरस्त्यालाही आहे. आयोगाने साक्षी व निवेदने छापली. मुंबई प्रांताच्या खंडात, १८८४ साली कलकत्त्यास छापलेल्या दुसऱ्या भागात, पृष्ठे १४० ते १४५, ही ती जागा. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी १९६९ साली फुल्यांचे समग्र वाङ्मय संपादिले तेव्हा हा कागद त्यांना दंतकथेतून गोळा करावा लागला नाही. साल, खंड, पृष्ठ असा त्याचा पत्ता कायम होता.

आणि ज्यांची साक्ष छापली गेली नाही त्यांचे काय? हा आमच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने मजुरांच्या स्थितीची चौकशी केली. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या साक्षी त्याच्या तिसऱ्या खंडात छापल्या आहेत, म्हणून त्या काळच्या नागपूरच्या मजुराविषयी आपल्याला काही आधाराने बोलता येते. पण रात्रशाळांचे हजेरीपट, कामगार वस्तीतल्या बालवाड्यांचे वार्षिक वृत्तांत, सायक्लोस्टाइल केलेल्या पाहण्या, संपकाळातील पत्रके यांना खंड नाही, पृष्ठ नाही. ती दुकानात विकली गेली नाहीत. म्हणून ग्रंथालयांतही गेली नाहीत. त्यांतून १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर राजधानी राहिले नाही. राजधानी गेली की दप्तरे फुटतात. काही भोपाळला, काही मुंबईला, काही येथेच. जुन्या मध्यप्रांताच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्याला कागद कोठे आहे हे शोधण्यातच अर्धे आयुष्य घालवावे लागते.

आता 'एरिक'कडे वळण्यास हरकत नाही. कारण तेथेही नेमका हाच रोग होता. १९५७ साली रशियाने स्पुटनिक उडविला आणि अमेरिकेने शिक्षणावर पैसा ओतण्यास सुरुवात केली. १९६५ च्या कायद्याने गरीब वस्त्यांतल्या शाळांना मोठे अनुदान मिळाले. संशोधने झाली, अहवाल लिहिले गेले, परिषदांतून निबंध वाचले गेले. आणि बहुतेक सगळे टंकलिखित स्वरूपात कोणाच्या तरी कपाटात पडून राहिले. एका राज्यात झालेली पाहणी शेजारच्या राज्याला ठाऊक नसे. म्हणून तेथल्या शिक्षण कचेरीने १९६४ साली हे भांडार काढले. छापलेली पुस्तके गोळा करणे हा त्याचा हेतू नव्हता. जो कागद बाजारात मिळत नाही, तो मिळवायचा, त्याचा सारांश लिहायचा, त्याला क्रमांक द्यायचा, आणि मायक्रोफिशवर, म्हणजे तळहाताएवढ्या फिल्मच्या तुकड्यावर, पन्नास-शंभर पाने बसवून जो मागेल त्याला पुरवायची. १९६६ साली पहिल्या खेपेस ज्या सुमारे सतराशे कागदांची सूची निघाली, त्यांचा विषय होता समाजातील वंचित मुलांचे शिक्षण. हे आम्ही मुद्दाम सांगतो. भांडाराला पहिले क्रमांक मिळाले ते श्रीमंतांच्या कॉलेजांच्या अहवालांना नव्हे.

'ईडी' हा क्रमांक अशा सुट्या कागदांचा. १९६९ पासून नियतकालिकांतल्या लेखांचीही सूची होऊ लागली. त्यांना 'ईजे' हा वेगळा क्रमांक. मुलांची गफलत बहुधा येथेच होते. लेख एखाद्या नियतकालिकात छापला असेल, तर त्याचे घर ते नियतकालिक होय. सूचीत लेखक, साल, लेखाचे नाव, नियतकालिकाचे नाव, खंड, पृष्ठे लिहावी. तो 'एरिक'मध्ये दिसला एवढ्यासाठी 'एरिक'चे नाव लिहिण्याचे कारण नाही. एखादे पुस्तक ग्रंथालयात वाचले म्हणून आपण सूचीत ग्रंथपालाचे नाव घालतो काय? पण कागद जर असा असेल की तो त्या भांडाराखेरीज सहसा अन्यत्र मिळणार नाही, तर लेखक, साल, शीर्षक, शीर्षकापुढे कंसात ईडी क्रमांक, मग 'एरिक' हे नाव, आणि शेवटी संगणकावरचा पत्ता, असा क्रम ठेवावा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची जी पद्धत आपल्याकडे 'एपीए' म्हणून चालते, तिच्या २०२० च्या सातव्या आवृत्तीत हे असे आहे. तिच्या २०१० च्या सहाव्या आवृत्तीत क्रमांक शेवटी येई. त्याआधी मायक्रोफिशची सेवा पुरविणाऱ्या कचेरीचे लांबलचक नाव लिहावे लागे. लिहिण्याची तऱ्हा दोनदा बदलली. क्रमांक मात्र तोच राहिला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कामगार न्यायालयात आम्ही कागद दाखल करतो, त्यावर निशाणी क्रमांक पडतो. नवशिक्या कार्यकर्त्याला वाटते, निशाणी पडली म्हणजे कागद शाबीत झाला. तसे मुळीच नाही. निशाणीने एवढेच ठरते की, आता सर्व पक्ष एकाच कागदाविषयी बोलत आहेत. त्यातला मजकूर खरा की खोटा, हे पुढे साक्षीपुराव्यात ठरायचे. ईडी क्रमांकाचेही तेच. भांडारात तज्ज्ञांनी पारखलेले निबंध आहेत, तसेच एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गाविषयी लिहिलेले टाचणही आहे. क्रमांक दोघांनाही आहे. तेव्हा 'एरिकमध्ये म्हटले आहे' असे लिहिणे म्हणजे 'कोर्टाच्या दप्तरात म्हटले आहे' असे लिहिण्यासारखेच. म्हटले कोणी आहे? त्याचे नाव लिहा.

क्रमांकावर सारा भार टाकू नये, हेही अनुभवाने दिसले आहे. २००४ साली मायक्रोफिश काढणे बंद झाले आणि कागद संगणकावर आले. ऑगस्ट २०१२ मध्ये असे आढळले की, जुन्या कागदांत माणसांचे खाजगी सरकारी क्रमांक तसेच राहून गेले आहेत. तेव्हा भांडाराने बहुसंख्य पूर्ण कागद एकाएकी नजरेआड केले, आणि तपासून तपासून हळूहळू परत ठेवले. त्या काळात ज्यांच्या सूचीत नुसता संगणकाचा पत्ता होता, त्यांचे वाचक बंद दारावर आपटले. ज्यांनी लेखक, संस्था, साल, पूर्ण शीर्षक लिहिले होते, त्यांच्या वाचकांना तो अहवाल दुसऱ्या ग्रंथालयात शोधण्याचा मार्ग उरला. २०२५ साली अमेरिकी सरकारने शिक्षणखात्यात मोठी कपात केली, तिची झळ या भांडारालाही लागली. सरकारने उघडलेले भांडार सरकार आखडूही शकते.

आपल्याकडे काय झाले? बडोद्याच्या म. ब. बुच यांनी १९७४ साली भारतातील शैक्षणिक संशोधनाचा पहिला आढावा छापला; तसले खंड पुढेही निघाले. त्यांत प्रबंधांचे सारांश मिळतात, प्रबंध मिळत नाही. सारांश वाचून मूळ प्रबंधाचा हवाला देण्याची खोड आपल्या विद्यार्थ्यांना लागली, तिचे मूळ काही अंशी येथे आहे. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे लिहू नये. सारांश पाहिला असेल तर तसेच लिहावे. हार्टोग यांनी गांधीजींना जे विचारले, ते उद्या परीक्षकही विचारू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून मात्र पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात ठेवले जाऊ लागले, आणि त्यांना १०६०३ या आकड्याने आरंभ होणारा कायमचा क्रमांक मिळतो. नागपूर विद्यापीठाचे प्रबंधही तेथे आहेत. ही मोठी सोय झाली. पण ती पदवीच्या प्रबंधांची. वस्तीतल्या शाळेची पाहणी कोणी पदवीसाठी करीत नाही; तिला अजून कोठलाही क्रमांक नाही.

म्हणून आम्ही आमच्यापुरता एक उद्योग आरंभिला आहे. कचेरीतल्या कपाटात रात्रशाळेचे, अभ्यासवर्गांचे आणि फी-माफीच्या अर्जांचे जे गठ्ठे आहेत, त्यांसाठी एक वही घातली आहे. तिच्यात पाच रकाने आखले आहेत : क्रमांक, तारीख, कोणी लिहिले, किती पाने, आणि मूळ की नक्कल. एम.एड.च्या दोन मुली रविवारी येऊन तेवढे भरतात. पुष्कळ पत्रकांवर सालच नाही. मजकुरावरून ते अंदाजाने घालावे असा मोह होतो, आणि एका मुलीने तसे सुचविलेही. त्या रकान्यात सध्या 'तारीख नाही' एवढेच लिहिले जाते, आणि अंदाज असला तर तो पेन्सिलीने, शेजारच्या समासात.